उजव्या कानातला बेस

श्रीगोंद्यात कारखाना रस्त्यावर गहिनीनाथमामाचं मोबाईलच्या सामानाचं दुकान होतं, आणि दुकानावर एक पाटी होती. पाटी मामानं स्वतः डोकं लावून रंगवून घेतलेली. 'येथे भारी बेसचे कानातले मिळतील.' झालं असं की पेंटरला 'इयरफोन' बसवायला जागा पुरेना. मामा म्हणाला, कानात घालतात ना, मग कानातलं लिही. पेंटरनं लिहिलं आणि निघून गेला. तेव्हापासून अधूनमधून एखादी बाई दुकानात शिरायची आणि झुबे दाखवा म्हणायची.

दुकानात बसायची दिशा. मामाची भाची. नववीतून शाळा सुटली होती. तिनं शाळेला सोडलं का शाळेनं तिला, यावर घरात दोन पार्ट्या होत्या. पण इयरफोनमधलं तिला कळायचं. डब्यावर 'डबल बेस', 'एक्स्ट्रा बेस', 'महाबेस' काय वाटेल ते छापलेलं असतं, त्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तिच्या मोबाईलमध्ये कुणाच्या तरी हळदीतलं संबळ रेकॉर्ड केलेलं होतं. नवा माल आला की प्रत्येक पीस ती स्वतः कानात घालायची आणि ते संबळ लावायची. थोरल्या संबळाचा 'धुम्म' गोल होऊन छातीत उतरला तर पीस पास. 'भद्द' झाला तर नापास. आणि नुसतंच 'टिकटिक' ऐकू आलं तर तो पीस बातम्या ऐकणाऱ्या माणसांसाठी बाजूला.

डोकं मात्र तापट. मागच्या बाजाराला एक बाई लग्नाला घालायला कानातलं बघायला आली. दिशानं तिला आधी नीट सांगितलं, की इथं तसलं मिळत नाही. बाई म्हणाली, मग पाटी कशाला लावली? दिशा म्हणाली, पाटी वाचता येते तर आत टांगलेल्या वायरी दिसत नाहीत का? त्याच्या पुढचं समोरच्या चहाच्या टपरीवर अजून चवीनं सांगतात.

त्याच संध्याकाळी मामानं कॉम्प्युटर सेंटरवर जाऊन सतरा नंबरचा फॉर्म छापून आणला. शाळा सोडलेल्या पोरांनी बाहेरून दहावीला बसायचा तो फॉर्म. मामानं तो काउंटरवर बरोबर मध्यभागी ठेवला, वर पेन ठेवलं, आणि अजिबात आवाज न चढवता म्हणाला, "आता एक जरी गिऱ्हाईक तुझ्यापाशी वरडलं, तर काय झालं, कोन चुकलं, मी इचारनार न्हाई. ह्यो फॉर्म भरायचा आन सावेडीला मावशीकडं जायचं. क्लास लावलाय म्हनून समज."

नगरमधल्या सावेडीची ही मावशी माणूस चांगली. पण तिच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसुद्धा शेजाऱ्यांची परवानगी काढल्यासारखा वाजायचा, आणि मिक्सर लावायच्या आधी ती खिडकी लावून घ्यायची. दिशाला तिथं जायचं नव्हतं. तिला दुकान सोडायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ती अशा जागी बसली होती, जिथं तिनं सांगितलेलं लोक ऐकायचे. अगदी कानात घालून ऐकायचे.

आणि अशा वेळेला लालमहंमदचाचा आले.

लालमहंमदचाचा तिसगावकडचे. सीझन सुरू झाला की उसाचा ट्रॅक्टर घेऊन इकडं यायचे. त्यांच्या ट्रॅक्टरला दोन बेस, दोन टॉप स्पीकरांचा डेक बसवलेला होता, आणि वाजायला लागला की मागच्या ट्रॉलीतल्या मोळ्या आपोआप दाबून बसतात असं ते सांगायचे. पण औंदा कारखान्याच्या यार्डात डेक बंद केले. बरोबरच होतं म्हणा, सगळे ड्रायव्हर आपापलं गाणं एकाच वेळी लावायचे आणि काट्यावरच्या माणसाला वजनाचा आकडा हातवारे करून सांगावा लागायचा. तर आता चाचांना यार्डाच्या लाईनीत बसून ऐकायला असं काहीतरी पाहिजे होतं, की डेकची आठवण निघू नये. आणि वायरवालंच पाहिजे होतं. बिनवायरचं मोळ्यात पडलं तर उसासकट गाळपाला जाईल आणि साखर खाणाऱ्याच्या पोटात वाजेल, असं त्यांचं म्हणणं.

दिशाला गिऱ्हाईक आवडलं. तिनं आधी कबूल करून घेतलं, की ट्रॅक्टर चालू असताना कानात काही घालायचं नाही, लाईनीत उभं असतानाच. मग तिनं तिच्या हिशेबात पहिला आलेला पीस काढला, नवीन बुचं चढवली आणि त्यांच्या हातात दिला. बुचं म्हणजे इयरफोनच्या टोकाची रबरं. थंडीचे दिवस होते, चाचांच्या डोक्याला लोकरीची माकडटोपी होती. त्यांनी टोपीची कड जराशी उचलली, खालून इयरफोन आत सारला, दुसऱ्या बाजूनंही सारला. दिशानं संबळ लावलं.

"बेस हाय का?" तिनं विचारलं.

"बेस हाय," चाचा म्हणाले, आणि घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी परत हजर. डबा काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, बेस न्हाई.

दिशाचं डोकं तिथंच गरम व्हायला लागलं. काल तर इथं उभं राहून बेस हाय म्हणाला होता, असं ती म्हणाली. चाचा म्हणाले, अगं ते बेस म्हणजे बरं हाय, चांगलं हाय, असं म्हणलो. आमच्याकडं जेवणाला बेस म्हणतात, सोयरिकीला बेस म्हणतात. आता लेकराच्या वयाच्या पोरीनं इतक्या हौसेनं कानाला लावून दिलं, तर वाईट हाय कसं म्हणू?

दिशानं फॉर्मकडं बघितलं आणि तोंडातला शब्द गिळला. मग तिनं नीट चौकशी केली. चाचांनी सांगितलं, की डाव्या कानात संबळ कसं मांडवात वाजल्यासारखं वाजतं. उजव्या कानात मात्र तेच संबळ दोन शेतं पलीकडं गेलेलं असतं. दिशानं पीस स्वतःच्या कानात घालून बघितला. दोन्हीकडं मांडव. पण गिऱ्हाईकापुढं इलाज नाही, म्हणून तिनं दुसऱ्या जातीचा पीस दिला, जरा महागातला, आणि जाताना विचारलं, की बेस हाय का, म्हणजे दणका हाय का, चांगलं हाय का असं विचारत न्हाई मी. चाचा म्हणाले, बघतो निवांत लाईनीत.

तिसऱ्या दिवशी पुन्हा आले. उजव्या कानात न्हाई.

त्या दिवशी मामा माल आणायला नगरला गेला होता, दुपारपर्यंत येणार होता. समोरच्या टपरीवर चारदोन ड्रायव्हर बसलेले, त्यांनी चहा हातात घेऊन तोंडं इकडंच फिरवली. त्यांना मागच्या बाजाराची चव लागलेली.

दिशानं आता हट्टच धरला. तिनं तिसरा पीस फोडला. चाचांना सांगितलं, बोटानं इयरफोन आत दाबा. चाचांनी टोपीवरून दाबला. दाबला की बेस यायचा, सोडला की जायचा. म्हणजे बूच बारीक पडतंय, हे सरळ होतं. बेस पाण्यासारखा असतो, फट दिसली की निघून जातो. तिनं मोठं बूच चढवलं. मोठं बूच बसेचना, सारखं बाहेर सरकायला लागलं. मधलं चढवलं, ते बसलं, पण बेस पुन्हा दोन शेतं पलीकडं. मग तिच्या डोक्यात आलं, की वायरीची बाजू बदलून बघावी. डाव्याचा इयरफोन उजव्या कानात घातला, उजव्याचा डाव्यात. आणि काय? डाव्या कानात धुम्म, उजव्या कानात काहीच नाही.

आता याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळला असता. पीस बदलला, बाजू बदलली, बूच बदललं, तरी खोट उजवीकडंच. म्हणजे खोट पिसात नाही. दिशाला इतका आनंद झाला, की तिनं पुढचं वाक्य जरासुद्धा चावलं नाही.

"चाचा, इयरफोन सगळे चांगले हायेत. तुमचा कान गेलाय."

टपरीवरचे ड्रायव्हर हसले. एक जण म्हणाला, चाचा, आता मालक तुमाला ट्रॅक्टरावरून काढून मोळ्या मोजायला बसवनार. दुसरा म्हणाला, मोजतील की, नुसत्या डाव्या बाजूच्या.

चाचा हसले नाहीत. ओरडलेही नाहीत. त्यांनी इयरफोन काढून काउंटरवर ठेवला, वायर गुंडाळून नीट ठेवली. मग म्हणाले, "गहिनीनाथ आला की त्याच्यासंगं बोलतो." आणि जाऊन टपरीच्या बाकड्यावर बसले, त्या ड्रायव्हरांपासून लांब, टोकाला. मग दिशाच्या लक्षात आलं, की ते मुद्दाम डावी बाजू लोकांकडं करून बसलेत.

ते बघून तिला कसंतरी झालं. आणि रागही आला, कारण मामा आल्यावर चाचा काय बोलणार हे उघडच होतं. गिऱ्हाईक ओरडलं नाही, पण तक्रार केली, आणि मामाच्या हिशेबात हे दोन्ही एकच. सावेडीचा मिक्सर तिला आतापासूनच ऐकू यायला लागला.

हात रिकामे राहिले की तिचं डोकं जास्त फिरायचं, म्हणून तिनं परत आलेले पीस पुसायला घेतले. बुचं काढायची, स्पिरिटनं पुसायची, डब्यात ठेवायची. पहिलं बूच तिनं नाकाजवळ धरलं आणि थांबली. वास येत होता. घामाचा वगैरे नाही, चांगला वास. वाळ्याचा. उन्हाळ्यात माठात टाकतात तसा, पण त्याहून गोड. तिनं दुसरं बूच हुंगलं. त्याला काहीच नाही. पुन्हा पहिलं. वाळा. मग कालचा पीस उघडला. उजव्या बुचाला वाळा, डाव्याला नाही. आजचा तर अजून ओलसर लागत होता, बोटाला तेलकट चिकटत होता. आणि आज बाजू बदलली होती, तर दोन्ही इयरफोनना वास होता. जो जो उजव्या कानात जाऊन आला, त्याला.

दिशा दुकान उघडं टाकून रस्ता ओलांडून गेली.

"चाचा, टोपी काढा."

चाचा म्हणाले, थंडी हाय. दिशा म्हणाली, एवढ्यात थंडीला कळनार बी न्हाई. ड्रायव्हर पुन्हा हसायला लागले, तेव्हा ती त्यांच्याकडं वळली आणि म्हणाली, की ज्याला हसायचं असंल त्यानं आपापला चार्जर दुसऱ्या दुकानातून घ्यायचा. लगेच सगळ्यांना चहा प्यायची आठवण झाली. मग ती चाचांना हळू आवाजात म्हणाली, की कानाचं मी चुकीचं बोलले असंन. दुकानात चला, एकदाच बघू द्या. नसलं काही तर मामापुढं मी स्वतः सांगते.

चाचा आले. काउंटरपाशी स्टुलावर बसले आणि कुरकुरत माकडटोपी वर सरकवली.

उजव्या कानाच्या खळग्यात, बरोबर इयरफोन जिथं बसायचा तिथं, अत्तराचा फाया होता. कापसाचा चांगला टपोरा, हरभऱ्याएवढा, तेल पिऊन पिवळा झालेला.

"ह्यो काय?"

"कुठं काय?" म्हणत चाचांनी हात कानाला नेला. फाया बोटाला लागला आणि त्यांचं तोंड असं झालं, जसं कपाळावर ढकललेला चष्मा घरभर शोधणाऱ्या माणसाचं होतं.

मग कळलं ते असं. सीझनला निघताना मुबारकबीचाची, म्हणजे चाचांची बायको, दरवर्षी पिशवीत अत्तराची कुपी टाकायची. उसाच्या मळीचा वास अंगाला लागतो आणि मग घरी आलेला माणूस घरचा वाटत नाही, असं तिचं म्हणणं. चाचा रोज सकाळी तोंड धुतलं की एक फाया करून कानात ठेवायचे. इतकी वर्षं ठेवत आलेले, की हात आपला आपण करायचा, माणसाला खबर नसायची. आणि वरून टोपी. म्हणजे इतके दिवस दिशा ज्या फटीतून बेस पळतोय म्हणून पीस आणि बुचं बदलत होती, ती फट मुबारकबीचाचीनं बुजवून ठेवली होती. फक्त चुकीच्या बाजूनं.

सिमकार्ड काढायच्या चिमट्यानं दिशानं फाया अलगद उचलला. ठेवायला दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून चाचांनी तो तिच्याकडून घेतला आणि समोरच्या कागदावर ठेवला. तिनं नवीन मधलं बूच चढवलं, चाचांच्या कानात स्वतः बसवलं, कानाची पाळी जरा वर ओढून, म्हणजे बूच नीट आत जातं. दुसऱ्या कानातही बसवलं. संबळ लावलं आणि आवाज वाढवला.

आधी चाचांचे डोळे मोठे झाले. मग खांदा हलला. मग स्टुलावर बसल्या बसल्या दोन्ही गुडघे संबळाच्या नादावर उडायला लागले. आता दोन्ही कान पक्के बुजलेल्या माणसाला आपण किती जोरात बोलतोय हे कळत नसतं. चाचांनी काउंटरवर हात आपटला आणि अख्ख्या कारखाना रस्त्याला ऐकू जाईल असे ओरडले,

"बेस! बेस हाय! आता बोल की! बेस हाय!"

आणि अगदी त्याच वेळेला समोर जीप थांबली आणि मालाचे खोके घेऊन गहिनीनाथमामा खाली उतरला.

मामाला काय दिसलं? भाची उभी, गिऱ्हाईक काउंटरवर हात आपटून ओरडतंय, टपरीवरची सगळी मंडळी उठून बघतायत. त्यानं खोके तिथंच रस्त्यात ठेवले. आत आला तो सरळ म्हणाला, "उचल पेन."

दिशा सांगायला लागली, तर मामा म्हणाला, कोन चुकलं मी इचारनार न्हाई, हे आधीच बोललोय. चाचांना यातलं काही ऐकू आलं नाही. त्यांना वाटलं मामा हालहवाल विचारतोय. सावेडीचं त्यांच्या कानावर टपरीवर आलेलंच होतं, म्हणून ते आणखी मोठ्यानं ओरडले, की गहिनीनाथ, पोरगी लई गुनाची हाय, हिला कुठं पाठवू नको. मामाही बोलतच होता, त्याला अर्धंच कळलं, 'पाठवू नको' एवढंच, आणि त्याला वाटलं हा म्हणतोय पोरीला पुन्हा माझ्यापुढं पाठवू नको, इतका चिडलाय. तो चाचांची समजूत घालायला लागला. चाचा डुलत होते. मामा आणखी घाबरला.

एरवी दिशा इथं भडकली असती. तिनं तोंड उघडलंही होतं. पण समोर दोन मोठी माणसं एकमेकांचं एक अक्षर न ऐकता भांडण मिटवतायत हे बघून तिला हसूच आलं. तिनं आणखी एक पीस घेतला. मामाच्या कानाकडं एकदा नीट बघितलं, बारीक भोकाचा कान होता, म्हणून सगळ्यात बारीक बूच चढवलं, आणि मामाचं वाक्य चालू असतानाच दोन्ही कानांत बसवून संबळ लावलं.

मामा वाक्याच्या मध्येच थांबला. दुकान याचं होतं, पाटी यानं रंगवली होती, आणि गडी आजपर्यंत फोनवर बोलायलाच इयरफोन वापरायचा. मग त्यानं हळूच छातीवर हात ठेवला, आत काही हललं का बघायला.

"आयला," तो ओरडला, कारण आता त्यालाही ऐकू येत नव्हतं, "हे आपन इकतो व्हय?"

टपरीवर कुणीतरी शिट्टी मारली.

इयरफोन निघाले, झालेलं सगळं मामाला सांगून झालं. चाचांनी त्यात थोडं स्वतःचं घातलं, की कान माझा एक नंबर हाय, पोरीनं बघितलाय. हे त्यांनी दारात उभं राहून टपरीकडं तोंड करून सांगितलं. मामानं सगळं ऐकलं. पण शब्द तो शब्द, गिऱ्हाईक ओरडलं होतं आणि ते त्यानं स्वतःच्या कानानं ऐकलं होतं, असं म्हणून त्यानं फॉर्म ओढला.

फॉर्म उचलला तर त्यातून पलीकडचं दिसत होतं. फाया बरोबर 'विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव' या रकान्यावर बसला होता आणि अत्तर निवांत पसरत खाली जन्मतारखेपर्यंत पोचलं होतं. मामानं त्यावर पेन टेकवून बघितलं. उमटेना. पुन्हा घासलं. कागद चकचकीत झाला, बाकी काही नाही. मामानं कागद नाकाजवळ नेला, हुंगला, आणि इच्छा नसताना आणखी एकदा हुंगला.

चाचा म्हणाले, आमच्या घरचं हाय, असली माल.

"दुसरा छापून आनीन," मामा म्हणाला.

"आना की," दिशा म्हणाली. "पन सीझन संपल्यावर. आन तवा मला इचारून. आधी ती पाटी बदला."

मामानं बाहेर जाऊन पाटीकडं बघितलं, आणि रस्त्यात ठेवलेले खोके आत घ्यायच्या निमित्तानं उत्तर द्यायचं टाळलं. दिशानं त्या वासाच्या फॉर्मचा चतकोर फाडला, त्यात जादा बुचं घालून पुडी बांधली आणि चाचांच्या हातात दिली. चाचांनी फाया उचलून या वेळेला टोपीच्या दुमडीत खोवला, इयरफोन खिशात घातला, आणि गेले.

संध्याकाळपर्यंत यार्डातल्या लाईनीत बातमी फिरली. अंधार पडायच्या आधी दुकानापुढं माकडटोप्यांची ही गर्दी. सगळ्यांना लालमहंमदचाचांसारखा बेस पाहिजे होता. पहिला आला तो टपरीवर सगळ्यात मोठ्यानं हसणारा ड्रायव्हर. पीस मागायला त्यानं तोंड उघडलं, तर दिशानं चिमटा हातात घेतला.

"टोपी काढा."

"आगं बाई, मी इयरफोन घ्यायला आलोय," तो म्हणाला, "जावळ काढायला न्हाई."